दुरुस्तीपूर्वीं फोनची मूळ प्रणाली

फोनची मूळ प्रणाली काढून दुसरी बसविणारे विद्यार्थी आमच्याही वर्गांत आहेत. असा फोन बिघडल्यास दुरुस्तीस देण्यापूर्वीं मूळ प्रणाली परत बसवून पाहावी. मग दोष प्रणालीचा कीं यंत्राचा, हें बहुधा कळतें. पिक्सेल फोनांची मूळ प्रणाली गूगल स्वतःच उपलब्ध करून देतें. मात्र प्रथम छायाचित्रें व पत्रें दुसरीकडे उतरून घ्यावीं. कारण बूटलोडरचें कुलूप उघडतांना, तसेंच लावतांनाही, फोनमधील सारें पुसलें जातें. मूळ प्रणाली पुरती बसल्यावांचून तें कुलूप लावूं नये. फोन सुरूच न होण्याचें भय असतें.

केलेला बदल लपविण्यासाठीं ही खटपट करणें आम्हांस पटत नाहीं. शिवाय सॅमसंगच्या अनेक फोनांत परकी प्रणाली बसवितांच नॉक्सचा सूक्ष्म फ्यूज जळतो, आणि मूळ प्रणाली परत आली तरी तो सांधला जात नाहीं.