भूमिवापरातील बदल : केरळच्या भातखाचरांचा धडा

जमीन हे उत्पादनाचे असे साधन आहे की, ज्याचा पुरवठा वाढविता येत नाही; केवळ त्याचा वापर बदलता येतो. म्हणूनच भूमिवापरातील प्रत्येक बदल ही एक निवड असते आणि त्या निवडीची किंमत कोणीतरी मोजत असतो. जगाच्या सुमारे २.४ टक्के भूभागावर जगातील सुमारे १८ टक्के लोकसंख्येचे पोषण करणाऱ्या आपल्या देशात ही किंमत कोण मोजतो, हा प्रश्न केवळ महसूल खात्याचा राहत नाही.

आपल्याकडे जमिनीच्या वापराची नोंद नऊ प्रकारांत केली जाते. वनक्षेत्र, बिगरशेती वापर, कायम कुरणे, पडीक जमीन, लागवडीखालील निव्वळ क्षेत्र इत्यादी प्रकार त्यात येतात. १९५०-५१ मध्ये लागवडीखालील निव्वळ क्षेत्र सुमारे ११.९ कोटी हेक्टर होते. १९७० च्या सुमारास ते १४ कोटी हेक्टरांवर पोहोचले आणि तेव्हापासून तेथेच स्थिरावले आहे. याउलट बिगरशेती वापराखालील क्षेत्र याच काळात सुमारे ९४ लाख हेक्टरांवरून अडीच कोटी हेक्टरांच्या पुढे गेले. राष्ट्रीय सरासरी स्थिर दिसत असली, तरी तिच्या आड काही प्रदेशांत सुपीक जमीन वेगाने हातची जात असते. केरळ हे त्याचे बोलके उदाहरण होय.

बदलाची कारणे

केरळमध्ये १९७४-७५ साली भाताखाली सुमारे ८.८ लाख हेक्टर क्षेत्र होते. २०१६-१७ पर्यंत ते १.७ लाख हेक्टरांच्या आसपास आले. भात हेच ज्या राज्याचे मुख्य अन्न, त्याला आज तांदळासाठी प्रामुख्याने इतर राज्यांवर अवलंबून राहावे लागते.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु ते योग्य नव्हे. भातशेतीस लावणी, बेणणी आणि कापणीच्या वेळी भरपूर मजूर लागतात. १९७० च्या दशकापासून आखाती देशांतून पैशाचा ओघ सुरू झाला. मजुरीचे दर वाढले, घरांना मागणी आली आणि जमिनीचे भाव पिकाच्या उत्पन्नाशी नाते तोडून वर गेले. नारळ व रबर यांना तुलनेने कमी मजूर लागतात. अशा स्थितीत खाचर भरून नारळ लावणारा किंवा घर बांधणारा शेतकरी आपल्या परीने विवेकी निर्णयच घेत असतो. भात पिकविण्याचा वैकल्पिक खर्च त्याला परवडेनासा झालेला असतो.

खाजगी लाभ, सामाजिक हानी

अडचण अशी की, खाचर केवळ भात देत नाही. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि डोंगरातून समुद्राकडे धावणाऱ्या आखूड नद्या असलेल्या या प्रदेशात सखल खाचरे पावसाचे पाणी थोपवून धरतात, ते जमिनीत मुरवितात आणि आसपासच्या विहिरींना पुरवितात. या सेवेचे मोल बाजारात मिळत नाही. त्यामुळे विक्रीच्या भावात ते धरलेही जात नाही. शिवाय खाचर भरण्यासाठी माती आणली जाते ती बहुधा जवळची टेकडी फोडून. एका व्यवहारात अशी दोन ठिकाणची हानी होते.

दुसरा परिणाम शेजाऱ्यावर होतो. तेथे सलग खाचरांच्या समूहास ‘पाडशेखरम्’ म्हणतात. बांध, पाट आणि पाण्याचा निचरा ही त्यातील सर्वांची सामाईक व्यवस्था असते. कुट्टनाडसारख्या समुद्रसपाटीखालील प्रदेशात तर पाणी उपसण्याचा खर्चही सर्वांनी मिळून करावयाचा असतो. मधल्या एका मालकाने आपले खाचर भरले की निचरा तुंबतो आणि उरलेल्यांचा खर्च वाढतो. मग दुसरा शेतकरी शेती सोडतो, त्यामागून तिसरा. पहिला निर्णय स्वेच्छेचा असतो; शेवटचा नाइलाजाचा.

उपाययोजना आणि मर्यादा

केरळने १९६७ च्या भूमिवापर आदेशान्वये अशा रूपांतरावर निर्बंध घातले होते. त्यानंतर २००८ मध्ये भातजमीन व पाणथळ जमीन संवर्धन कायदा संमत झाला. भातजमिनींची नोंद असलेली माहितीपेढी आणि स्थानिक देखरेख समित्या हे त्याचे दोन आधार होत. स्वतःच्या घरासाठी ग्रामीण भागात दहा सेंट, म्हणजे सुमारे चार गुंठ्यांपर्यंत, सवलतीची तरतूदही त्यात ठेवण्यात आली. अल्पभूधारकाच्या निवाऱ्याच्या गरजेकडे डोळेझाक करणारा कायदा टिकत नाही, हे ओळखूनच ती केलेली दिसते. २०१८ च्या दुरुस्तीने माहितीपेढीत नसलेल्या जमिनीचा वापर शुल्क भरून बदलण्याची वाट खुली झाली. त्यामुळे नोंदीतील प्रत्येक चूक आता अधिक महाग पडते.

मनाई खाचराचे रूपांतर रोखू शकते. त्यात भात पिकवू शकत नाही. येथेच अन्य दोन प्रयत्न महत्त्वाचे ठरतात. ‘कुटुंबश्री’ चळवळीतील महिलांच्या गटांनी पडीक खाचरे कसावयास घेऊन ती पुन्हा लागवडीखाली आणली. परंतु जमीनसुधारणा कायद्यांनी कूळवहिवाट संपुष्टात आणल्यामुळे त्यांच्या खंडाच्या कराराला कायद्याचे पुरेसे संरक्षण नाही. ‘कसेल त्याची जमीन’ या न्याय्य तत्त्वाचा हा अनपेक्षित परिणाम होय. दुसरे असे की, २०२०-२१ पासून राज्याने भातजमीन राखणाऱ्या मालकांना हेक्टरी २,००० रुपये मानधन देण्यास प्रारंभ केला. जमिनीच्या भावापुढे ही रक्कम नाममात्र आहे. तथापि खाचराची पर्यावरणीय सेवा मोबदल्यास पात्र आहे, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले.

समारोप

या अनुभवातून चार गोष्टी निष्पन्न होतात. नियोजनाचा घटक सुटा गट क्रमांक नसून सामाईक निचऱ्याचे संपूर्ण क्षेत्र असावे. नोंदी कायद्याच्या आधी अचूक व्हाव्यात. जमीन कसणाऱ्या गटांना मालकाच्या हक्कास बाध न येता सुरक्षित खंडपट्टा मिळावा. आणि रूपांतर शुल्कातून जमा होणारा पैसा सर्वसाधारण तिजोरीत न जाता खाचरे राखणाऱ्यांच्या मोबदल्यासाठी वापरला जावा.

कोकणातील भातखाचरे आणि गोव्यातील खाजन जमिनी आज याच दबावाखाली आहेत. खाजनाचे बांध व मानशी गावाने मिळून राखावयाच्या असतात. तेथेही एकाचे दुर्लक्ष सर्वांना भोवते. भरलेले खाचर पुन्हा खाचर होणे जवळजवळ अशक्य असते. ज्या निर्णयातून माघार नाही, तो केवळ आजच्या बाजारभावावर सोपविणे शहाणपणाचे नव्हे.