ज्वारीच्या पानाचा जमाखर्च

पीक खतावर व पाण्यावर वाढतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु कणसाचें व कडब्याचें बहुतेक वजन हवेंतून येतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पानावर डोळ्यांस न दिसणारीं बारीक छिद्रें असतात. त्यांवाटे हवेंतील कर्बवायु आंत शिरतो. पानांतील हरितद्रव्यानें धरलेल्या सूर्यप्रकाशाच्या बळावर त्याचा पाण्याशीं संयोग होऊन साखर बनते, आणि त्या साखरेपासून पुढें दाणा, ताट व मुळ्या तयार होतात. या क्रियेस प्रकाशसंश्लेषण म्हणतात. ही क्रिया अधिक काटकसरीनें व्हावी म्हणून जगांत जे शोध चालले आहेत, त्यांचा सोलापूर जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याशीं काय संबंध पोंचतो, तें येथें पाहूं.

प्रथम खर्चाची बाजू घेऊं. छिद्रें उघडल्याशिवाय कर्बवायु आंत येत नाहीं, आणि तीं उघडलीं कीं झाडांतील पाणी वाफ होऊन बाहेर जातें. हा पहिला खर्च. दुसरा खर्च पानाच्या पोटांतला आहे. कर्बवायु धरणारें रुबिस्को नांवाचें जें प्रथिन असतें, तें मधूनमधून चुकून प्राणवायूसच धरतें. गहूं, भात, हरभरा, तूर, करडई, सोयाबीन या पिकांत साधारण चार-पांच वेळांतून एकदां असें घडतें, व ती चूक निस्तरण्यांत तयार झालेला कांहीं माल खर्ची पडतो. उष्मा वाढला म्हणजे ही तूटहि वाढते.

ज्वारी, बाजरी, मका व ऊंस यांच्या पानांत मात्र निराळी व्यवस्था आहे. बाहेरच्या पेशी दुसऱ्याच एका प्रथिनाच्या साह्यानें कर्बवायु धरतात, व शिरांभोंवतीं कड्यासारख्या बसलेल्या आंतील पेशींकडे तो पोंचवितात. रुबिस्को या आंतील कोठारांत असल्यामुळें त्याच्याभोंवतीं कर्बवायूची दाटी राहते आणि चूक क्वचित् होते. हवाई बेटांत कोर्टशाक प्रभृतींनीं १९६५ सालीं उंसाच्या पानांत याची खूण दाखविली, व ऑस्ट्रेलियांत हॅच आणि स्लॅक यांनीं १९६६ पासून हा मार्ग उलगडून सांगितला. या पिकांस ‘सी-४’ वर्गाचीं व गहूं-हरभऱ्यासारख्यांस ‘सी-३’ वर्गाचीं पिकें म्हणतात. पडलेल्या सूर्यशक्तीपैकीं सी-३ पिकें फार तर शेंकडा ४.६ व सी-४ पिकें शेंकडा ६ भाग सांठवूं शकतील, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. शेतांत याहून पुष्कळच कमी पदरांत पडतें.

परदेशांतील खटपट मुख्यतः सी-३ पिकांसाठीं आहे. भाताच्या पानास ज्वारीसारखी रचना देण्याचा प्रयत्न फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें २००८ च्या सुमारास हातीं घेतला. परंतु तसें बियाणें अद्याप शेतकऱ्याच्या हातीं आलेलें नाहीं. अमेरिकेंतील इलिनॉय येथील संशोधकांनीं रुबिस्कोची चूक निस्तरण्याचा जवळचा रस्ता तंबाखूच्या झाडांत घातला, तेव्हां शेतांतील वाढ शेंकडा ४० नीं अधिक झाल्याचें त्यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलें. सोयाबीनवरील दुसऱ्या एका प्रयोगांत एका हंगामांत उत्पन्न सुमारें चतुर्थांशानें वाढलें, परंतु पुढील हंगामांत वादळानें पीक लोळलें व लाभ दिसून आला नाहीं. तात्पर्य, पान सुधारलें तरी हंगामाची मर्जी सुटत नाहीं.

जें भातास द्यावयाची एवढी यातायात चालली आहे, तें ज्वारीस जन्मतःच लाभलेलें आहे. त्याचें मोल पाण्याच्या हिशेबांत दिसतें. ब्रिग्ज व शांट्झ या अमेरिकन संशोधकांनीं १९११ पासून कोलोरॅडो प्रांतांत मोजमापें घेतलीं. एक किलो सुकें पीक तयार होण्यास ज्वारीनें सुमारें ३२०, गव्हानें ५१० व भातानें ७१० किलो पाणी घेतलें. एकरावर एक मिलिमीटर ओल म्हणजे सुमारें ४,००० लिटर पाणी. या हिशेबानें तितक्या ओलीवर ज्वारीचा दाणा-कडबा मिळून साडेबारा किलो, तर गहूं-भुसा मिळून आठ किलोंच्या आंत माल होईल. इंचभर ओल राखली तर ज्वारीस एकरीं तीनशें किलोंचा फरक पडतो. हवेच्या शुष्कतेप्रमाणें हे आंकडे कमीजास्त होतील. तथापि दोन पिकांतील तफावत ध्यानांत घेण्याजोगी आहे. ऊंसहि याच वर्गांतला खरा. पण तो जवळजवळ बारा महिने उभा असतो, आणि पाण्याचें देणेंहि बारा महिन्यांचें लागतें. ज्यांची विहीर उन्हाळ्यांत तळ गांठते त्यांनीं ज्वारीचें रान मोडण्यापूर्वीं हा विचार अवश्य करावा.

आतां आपल्या हातीं काय आहे तें पाहूं. सोलापुरांत १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें, तें ओल राखण्याच्या प्रश्नासाठींच. पावसाळ्यांत रानांत सारे पाडून किंवा वाफे बांधून पाणी जागच्या जागीं मुरवावें. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या मुदतींत उरकावी. पेरणीनंतर तीन, पांच व आठ आठवड्यांनीं कोळपणी द्यावी. शेवटची कोळपणी भेगा बुजविण्याकरितां असते, ती चुकवूं नये. वाण जमिनीच्या खोलीप्रमाणें घ्यावा: हलक्या रानास फुले अनुराधा, मध्यम रानास फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी रानास फुले वसुधा.

दुसरी गोष्ट पान हिरवें राखण्याची. दाणा भरण्याच्या दिवसांत ओल संपून पानें करपलीं, तर उत्तम यंत्रहि बंद पडतें. दुष्काळी ताणांतहि कांहीं झाडें शेवटपर्यंत हिरवीं राहतात. या गुणावर ज्वारीच्या संशोधकांची दृष्टि आहे. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळ येथें स्थानिक मालदांडींतून निवड करूनच काढला गेला. वाचकांनींहि सुधारित सरळ वाणाच्या रानांत एकाच वेळीं फुलोऱ्यास आलेल्या झाडांस सुतळी बांधावी, दाणा चिकांत असतांना हिरवीं पानें मोजावीं, आणि ज्यांचीं पानें हिरवीं व कणसेंहि भरलेलीं, त्यांचेंच बीं निराळें ठेवावें. उशिरां फुललेलें झाड साहजिकच हिरवें दिसतें. त्यास निवडूं नये. संकरित वाणाचें बीं मात्र या कामीं उपयोगाचें नाहीं. खर्च सुतळीचा व दोन सकाळींचा. तीन-चार वर्षें नोंदवही नेमानें ठेवल्यास आपल्या रानास कोणतें बीं मानवतें, हें ज्याचें त्यास कळून येईल.