छिन्नीकडून कुंचल्याकडे

आमेदेओ मोदिल्यानी (१८८४–१९२०) हा आज चित्रकार म्हणून जगाला परिचित आहे. परंतु ऐन उमेदीची काही वर्षे तो स्वतःला शिल्पकारच मानीत असे. इटलीतील लिव्होर्नो येथे जन्मलेला हा तरुण १९०६ मध्ये पॅरिसला आला. १९०९ च्या सुमारास रुमानियन शिल्पकार ब्रांकूशी याच्याशी त्याचा परिचय झाला आणि तो दगडाकडे वळला.

त्या काळी रोदँप्रमाणे बहुतेक शिल्पकार प्रतिमा मातीत घडवीत. पुढे ती ब्राँझमध्ये ओतली जाई किंवा कारागीर ती संगमरवरात उतरवीत. मोदिल्यानीला ही रीत मान्य नव्हती. चुनखडीच्या दगडावर तो स्वतःच छिन्नी चालवी. दगडावर घातलेला घाव परत घेता येत नाही. त्यामुळे जे अत्यावश्यक तेवढेच उरे : उभट चेहरा, लांब सरळ नाक, बदामी डोळे, इवलेसे ओठ. आफ्रिकी मुखवटे व प्राचीन शिल्पे यांचा संस्कार त्यांत स्पष्ट जाणवतो. १९१२ मध्ये पॅरिसच्या शरद-प्रदर्शनात त्याने अशी मस्तके मांडली.

परंतु किशोरवयातच त्याला क्षयाने गाठले होते. दगडाची धूळ आणि छिन्नीचे श्रम त्या देहाला पेलणारे नव्हते. दगड विकत घेण्याची ऐपतही नव्हती. १९१४ च्या सुमारास त्याने छिन्नी खाली ठेवली. त्याची सुमारे २५ पाषाणशिल्पे आज उपलब्ध आहेत.

तरीही ती साधना वाया गेली नाही. त्याच्या नंतरच्या व्यक्तिचित्रांतील उंच माना आणि बाहुल्यांवाचूनचे डोळे पाहावेत. ते रंगविण्यापूर्वी त्याने दगडात कोरले होते.