टुंड्रातील पाहुणा

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांचा संगम आहे. तेथील नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यामागे गाळ साचून विस्तीर्ण दलदल निर्माण झाली आहे. पावसाळा सरत आला, की या दलदलीच्या काठी चिमणीएवढा, करड्या रंगाचा एक पक्षी चिखलात चोच खुपसत लगबगीने धावताना दिसतो. त्याचे नाव छोटा टिलवा. त्याचे वजन जेमतेम २५ ते ३० ग्रॅम. परंतु हा इवलासा जीव हजारो किलोमीटरांचा प्रवास करून येथे आलेला असतो. त्याची जन्मभूमी म्हणजे पृथ्वीच्या उत्तर टोकाचा टुंड्रा प्रदेश होय.

निफाडला थंडीची लाट आली, की पहाटे दवबिंदू गोठतात आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. पण ऊन चढताच तो गोठा विरून जातो. टुंड्रात मात्र जमीनच गोठलेली असते. तेथे सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमानही १० अंश सेल्सिअसच्या आतच असते. उन्हाळ्यात जमिनीचा वरचा पातळ थर तेवढा विरघळतो. त्याखालची माती हजारो वर्षे तशीच गोठून राहिलेली आहे. म्हणून तेथे वृक्ष वाढत नाहीत. शेवाळ, खुरटी झुडपे आणि मसाल्यातील दगडफुलाचे भाईबंद, हीच तेथील हिरवळ!

उन्हाळ्यात तेथे कित्येक आठवडे सूर्य मावळत नाही. वितळलेले पाणी जमिनीत मुरत नाही. जागोजागी डबकी साचतात व कीटकांचे थवे उठतात. याच सुगीत टिलवा जमिनीवर घरटे करतो. पिले बाहेर येताच स्वतः कीटक टिपू लागतात.

परंतु हे वेळापत्रक आता बिघडत आहे. माणूस कोळसा व खनिज तेल जाळतो. त्यातून निघणाऱ्या वायूंमुळे पृथ्वी तापत आहे. त्यातही १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. पांढरे हिम ऊन परत फेकते. ते वितळले, की खालची काळी भूमी व समुद्र ऊन शोषून घेतात. गोठलेल्या मातीतील जुना पालापाचोळा कुजू लागतो आणि त्यातून आणखी वायू बाहेर पडून उष्णता अधिकच वाढते.

हिम लवकर वितळले, तर कीटकही लवकर येतात, आणि मागाहून जन्मलेली पिले उपाशी राहतात. टिलव्याच्याच कुळातील एका पक्ष्याची पिले अशा वर्षी खुजी व आखूड चोचीची होतात, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. सायबेरियातील यामाल द्वीपकल्पात २०१३ च्या हिवाळ्यात हिमावर पाऊस पडून गोठला. चारा बर्फाच्या कवचाखाली दडला आणि सुमारे ६१,००० रेनडियर उपासमारीने मेले. त्यांच्यावर जगणाऱ्या नेनेट्स पशुपालकांचा आधारच गेला.

२०२० साली नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून घोषित झाले. पाहुण्याचा येथील उतारा जपला जात आहे. पण त्याचे घर मात्र वितळत आहे. ते घर राखणे एका गावाच्या किंवा एका देशाच्या हातचे काम नव्हे. ते साऱ्या जगाचे काम आहे.

स्वाध्याय
१. टुंड्रा प्रदेशात वृक्ष का वाढत नाहीत?
२. हिम वितळल्याने उष्णता आणखी कशी वाढते?
३. ‘त्याचे घर मात्र वितळत आहे’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.