घसरणारा स्कर्ट आणि इलॅस्टिकचे गणित

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात स्प्रिंग असते, तिला टांगलेले वजन असते आणि शेजारी मोजपट्टी असते. परीक्षेपुरते आपण ते पाठ करतो. पण तोच धडा तुमच्या-आमच्या कमरेभोवती रोज गुंडाळलेला असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते; पण हा धडा मला माझ्या नववीतल्या मुलीच्या स्कर्टने शिकवला.

शाळेच्या गॅदरिंगसाठी तिने आजीच्या जुन्या सुती साडीचा घेरदार स्कर्ट शिवला. साडीचा काठ खाली ठेवला, वर नेफा घातला आणि त्यात घरात होते ते ६ मिलिमीटर रुंदीचे इलॅस्टिक ओवले. घालून दोन गिरक्या घेतल्या, तर स्कर्ट खाली घसरू लागला. तिने इलॅस्टिक कापून आखूड केले. आता स्कर्ट घसरेना. पण तासाभरात कमरेवर लाल वळ उठले. दोन्ही बाजूंना ते विशेष खोल होते. ‘माझी कंबरच वेडीवाकडी आहे, मी नाचात नाही,’ असे म्हणून तिने स्कर्ट खुंटीला टांगला. गॅदरिंग चार दिवसांवर आले होते.

दोष कमरेचा की इलॅस्टिकचा? हा प्रश्न रुसव्याने सुटणारा नव्हता, मोजमापाने सुटणारा होता. म्हणून आम्ही मोजायला बसलो.

स्कर्ट कशाने टिकतो?

स्कर्टचे वजन त्याला खाली ओढते. कमरेशी होणारे घर्षण त्याला धरून ठेवते. घर्षण हे घर्षणांक आणि लंब बल यांच्या गुणाकाराइतके असते, हे तुम्ही शिकला आहात. हे लंब बल येते कोठून? ताणलेले इलॅस्टिक कमरेला आत दाबते, तेथून.

इलॅस्टिकचे अगदी लहान लहान तुकडे कल्पा. प्रत्येक तुकडा कमरेभोवती थोडासा वळलेला आहे. त्याच्या दोन्ही टोकांना ताण ओढतो आणि त्यामुळे तुकडा आत दाबला जातो. हे दाबणारे बल म्हणजे ताण गुणिले वळणाचा कोन. मात्र कोन रेडियनमध्ये मोजायचा. सगळ्या तुकड्यांची वळणे मिळून एक पूर्ण फेरा होतो, म्हणजे ३६० अंश किंवा ६.२८ रेडियन. म्हणून,

एकूण लंब बल = ६.२८ × ताण

या सूत्रात काय नाही ते नीट पाहा. कमरेचा घेर नाही, आकारही नाही. कंबर बारीक असो, जाड असो, गोल असो वा लांबट असो, पूर्ण फेरा तो पूर्ण फेराच. स्कर्ट टिकवणे हे ताणाचे काम आहे, कमरेचे नव्हे! मुलीने हे सूत्र दोनदा वाचले आणि खुंटीवरचा स्कर्ट काढून आणला.

स्कर्टचे वस्तुमान स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३५० ग्रॅम भरले, म्हणजे वजन सुमारे ३.४ न्यूटन. हिशेबासाठी घर्षणांक ०.३ धरू. पहिल्या वेळी इलॅस्टिकमधला ताण सुमारे १ न्यूटन होता. घर्षण ०.३ × ६.२८ × १, म्हणजे १.९ न्यूटनपर्यंतच जाऊ शकते. ३.४ न्यूटनचे वजन ते कसे पेलणार? आखूड केल्यावर ताण अडीच न्यूटन झाला आणि घर्षणाची मर्यादा ४.७ न्यूटनवर गेली. म्हणून स्कर्ट टिकला.

मग वळ का उठले?

टिकणे बलावर अवलंबून असते, टोचणे दाबावर. दाब म्हणजे दर एकक क्षेत्रफळावरचे बल. कमरेवरच्या पट्ट्यासाठी त्याचे सूत्र असे येते:

दाब = ताण ÷ (इलॅस्टिकची रुंदी × वळणाची त्रिज्या)

मुलीच्या कमरेचा घेर ६४ सेंटिमीटर, म्हणून सरासरी त्रिज्या सुमारे १० सेंटिमीटर. ताण २.५ न्यूटन आणि रुंदी ०.००६ मीटर घेतली, तर दाब सुमारे ४,२०० पास्कल येतो, म्हणजे ३१ मिलिमीटर पाऱ्याइतका. त्वचेतल्या केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब साधारणपणे १५ ते ३५ मिलिमीटर असतो. मग त्वचेने तक्रार का करू नये?

शिवाय माणसाची कंबर वर्तुळाकार नसते. पोट आणि पाठ सपाट असतात, बाजू अधिक वळलेल्या असतात. बाजूंना त्रिज्या लहान, म्हणून दाब जास्त. वळ बाजूंना खोल का होते, याचे उत्तर हेच. ते सगळ्यांच्याच बाजूंना होतात.

आता उपाय उघड आहे. ताण तेवढाच ठेवायचा आणि रुंदी वाढवायची. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या इलॅस्टिकला तोच २.५ न्यूटन ताण दिला, तर दाब १,००० पास्कलवर उतरतो. पकड मात्र पूर्वीइतकीच राहते.

इलॅस्टिक किती कापावे?

येथे रॉबर्ट हूक मदतीला येतो. ताण आणि वाढलेली लांबी समप्रमाणात असतात, हा नियम त्याने १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. मात्र इलॅस्टिक स्प्रिंगइतके शिस्तीचे नसते. म्हणून नियमावर भिस्त न ठेवता आपले इलॅस्टिक आपणच मोजावे.

नव्या रुंद इलॅस्टिकवर आम्ही शाईने २० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या. एक टोक खिळ्याला बांधले, दुसऱ्याला पिशवी अडकवली आणि तिच्यात वजने घातली. खुणांमधले अंतर असे वाढले:

१०० ग्रॅम: २१.१ सेंमी.
२०० ग्रॅम: २२.३ सेंमी.
३०० ग्रॅम: २३.६ सेंमी.
४०० ग्रॅम: २५.१ सेंमी.

१०० ग्रॅमचे वजन म्हणजे जवळजवळ १ न्यूटन. आम्हाला अडीच न्यूटन ताण हवा होता. २०० आणि ३०० ग्रॅमच्या मधोमध पाहिले, तर लांबी सुमारे २३ सेंटिमीटर येते. म्हणजे कमरेवर २३ सेंटिमीटर भरण्यासाठी न ताणलेले २० सेंटिमीटर इलॅस्टिक लागते. मग ६४ सेंटिमीटरच्या कमरेसाठी ६४ × २० ÷ २३, म्हणजे सुमारे ५५.७ सेंटिमीटर. टोके एकमेकांवर ठेवून शिवण्यासाठी २ सेंटिमीटर मिळवले आणि साडेसत्तावन्न सेंटिमीटरवर कात्री लावली. हे २ सेंटिमीटर पुष्कळजण विसरतात, आणि मग स्कर्ट आवळतो.

राहिलेल्या तीन खोडी

जुना नेफा अरुंद होता. म्हणून उरलेल्या कापडाची पट्टी वर जोडून नवा नेफा केला. नेफ्याची आतली रुंदी इलॅस्टिकपेक्षा ३–४ मिलिमीटरच जास्त ठेवावी. फार सैल असला, तर इलॅस्टिक आत पिळवटते.

दुसरी खोड चुण्यांची. त्या पुढे गोळा झाल्या होत्या, कारण नेफ्यातल्या घर्षणामुळे ताण सगळीकडे सारखा पसरत नाही. उपाय सोपा आहे. नेफा दोन्ही हातांनी पुरता ताणून सोडावा, असे पाच-सहा वेळा करावे. मग इलॅस्टिकचे आणि घेराचे चार समान भाग करून त्यांच्या खुणा जुळवाव्यात आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींवर उभी टीप मारावी.

तिसरी खोड खालच्या कडेची. ती मागून वर उचलली गेली होती. मागे कापडाला उंचवट्यावरून जावे लागते, म्हणून त्याला लांबी जास्त लागते. जमिनीवर लाकडी पट्टी उभी धरून सभोवार मोजले, तर मागची बाजू २ सेंटिमीटर वर निघाली. खालचा काठ कापणे मनाला पटेना. म्हणून पुढे नेफा उसवून कापड २ सेंटिमीटर वर घेतले आणि बाजूंवरून मागे जाताना ते हळूहळू शून्यावर आणले. काठ समपातळीत आला.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवा. ऊन, गरम इस्त्री आणि काळ यांनी रबर म्हातारे होते आणि ताण कमी होतो. म्हणून नेफ्याला मागे ३ सेंटिमीटर जागा फक्त हातशिलाईने बंद करावी. वर्षा-दोन वर्षांनी इलॅस्टिक बदलता येईल.

गॅदरिंगला ती नाचली. बाकीचे नाच पाहत होते, मी मात्र नेफ्याकडेच पाहत होते. घरी आल्यावर कमरेवर एकही वळ नव्हता.

एखादा कपडा बसला नाही, तर आधी स्वतःला दोष देऊ नका. टेप हाती घ्या आणि कपड्याला प्रश्न विचारा.

करून पाहा

१. साडी आणि परकर मिळून ९०० ग्रॅम आहेत. परकराची नाडी ५ मिलिमीटर रुंद आणि कमरेची त्रिज्या १२ सेंटिमीटर आहे. घर्षणांक ०.३ धरून नाडीत किमान किती ताण हवा आणि त्वचेवर किती दाब पडेल, ते काढा. उत्तर आईला सांगा आणि नाडीऐवजी रुंद पट्टा लावला तर काय होईल, तेही सांगा.

२. त्याच जातीचे, पण दुप्पट रुंदीचे इलॅस्टिक तेवढेच ताणले, तर पकड किती पट होईल? दाब बदलेल का? विचार करून मगच प्रयोग करा.