शिल्पकार करमरकर

लोणार येथील दैत्यसूदनाच्या प्राचीन मंदिरापुढे उभे राहिले म्हणजे भिंतींवरील कोरीव मूर्ती पाहून मन थक्क होते. परंतु त्या मूर्ती कोणाच्या हातांनी घडविल्या, हे आज कोणासही सांगता येत नाही. पूर्वी कारागिराचे नाव बहुधा त्याच्या कृतीतच विरून जाई. आधुनिक काळात ज्या मराठी शिल्पकारांची कृती आणि नाव ही दोन्ही लोकांच्या स्मरणात राहिली, त्यांत विनायक पांडुरंग करमरकर यांचे स्थान फार वरचे आहे.

करमरकरांचा जन्म 1891 साली अलिबागजवळील सासवणे या समुद्रकाठच्या खेड्यात झाला. घरी गणपतीच्या मूर्ती घडविल्या जात; त्यामुळे मातीला आकार देण्याचे पहिले धडे त्यांना घरीच मिळाले. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. ते जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले. त्या गुणग्राहक अधिकाऱ्याच्या साहाय्याने हा खेड्यातील मुलगा मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे 1916 साली सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने ते कलकत्त्यास गेले आणि 1920 साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकावयास गेले.

त्यांच्या कलेची खरी कसोटी पुण्यातील शिवस्मारकाने पाहिली. या स्मारकासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुढाकार घेतला होता. 1921 साली कोनशिला बसली. परंतु पुतळा पाहण्यास महाराज उरले नाहीत. अश्वारूढ शिवछत्रपतींचा तो पुतळा घडविण्याचे काम करमरकरांकडे आले. उंची सुमारे साडेतेरा फूट आणि मुदत थोडी! एवढा पुतळा तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडणे सोपे. परंतु करमरकरांनी तो एकसंध ओतण्याचे ठरविले. अशा ओतकामात वितळलेला धातू थंड होण्यापूर्वी साच्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचावा लागतो. साच्यात ओल राहिली किंवा हवा कोंडली, तर महिनोगणतीचे श्रम क्षणात वाया जातात. माझगाव गोदीत हे अवघड काम सिद्धीस गेले. पुतळा आगगाडीने पुण्यास आला आणि 16 जून 1928 रोजी त्याचे अनावरण झाले. देवळाच्या भिंतीवर रेखाटलेले बालपणीचे स्वप्न ब्राँझमध्ये साकार झाले!

एवढी कीर्ती मिळाल्यावरही करमरकरांची दृष्टी केवळ थोरामोठ्यांवर खिळून राहिली नाही. शंख फुंकणारी बंगाली स्त्री, मासे विकणारी कोळीण, कष्टकरी गावकरी, इतकेच नव्हे तर घरची म्हैस, हेही त्यांच्या शिल्पांचे विषय झाले. ब्राँझ व संगमरवर महाग. म्हणून त्यांनी साध्या सिमेंटमध्येही शिल्पे घडविली. ज्या पदार्थाने भिंती बांधाव्यात, त्यातून त्यांनी माणसाच्या चेहऱ्यावरील सुरकुती आणि स्मित उमटविले.

1962 साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. 1967 साली त्यांचे निधन झाले. सासवण्यातील त्यांचे राहते घर पुढे शिल्पसंग्रहालय झाले. समुद्राच्या गाजेजवळ उभ्या असलेल्या त्या शिल्पांत राजाला जेवढा मान आहे, तेवढाच कोळिणीलाही आहे. साधन साधे असो वा मौल्यवान, विषय लहान असो वा थोर, कलावंताची निष्ठा दोन्हींकडे सारखीच असावी लागते, हेच करमरकरांच्या जीवनाचे सार होय.