आधी पोट आवळा, मग जार उचला
छत्रपती संभाजीनगरात आठ-आठ दिवस नळाची वाट पाहायची सवय आहे. पाणी आलं की ड्रम, बादल्या, जार भरायची एकच घाई होते आणि कंबरा नेमक्या त्याच दिवशी जातात. माझीही अशीच गेली. वाकून भरलेला जार उचलला, तसंच अंग वळवलं आणि उसण भरली. कळ पोटरीपर्यंत उतरली. मणक्याची गादी सरकली होती.

दुखणं जरा ओसरल्यावर जिममधल्या प्रशिक्षकाने ‘पोट कमी करा, कंबर सुटेल’ म्हणत सिट-अप्स करायला लावल्या आणि पायातल्या मुंग्या वाढल्या. गादी सरकलेल्या बऱ्याच जणांना पुढे वाकणंच नडतं, हे नंतर फिजिओथेरपिस्ट मॅडमनी समजावलं. पिलाटीस हा व्यायामप्रकार त्यांनीच सुरू करून दिला.

चटईवर उताणं, गुडघे दुमडलेले. मॅडमची बोटं माझ्या कमरेच्या हाडाच्या जरा आत. “श्वास सोडा, ओटीपोट अलगद आत घ्या.” मी जोर लावला की पोट उलट बाहेर यायचं. हलकेच घेतलं, तेव्हा बोटांखाली खोलवरचा स्नायू आवळला गेला. पाठीला कंबरपट्ट्यासारखा धरून ठेवणारा स्नायू तो हाच. मग एक टाच चटईवरून हळूहळू सरकवायची, पण कंबर तसूभरही हलू द्यायची नाही. दिसायला एवढंसं, पण घाम फुटतो! आता जार उचलतानाही तेच करते: जार अंगाशी, गुडघे वाकलेले, श्वास सोडत पोट आत, आणि वळायचं ते पावलांनी.

ही पद्धत घडवणारे जोसेफ पिलाटीस १८८३ साली जर्मनीत जन्मले. पुढे न्यूयॉर्कमध्ये दुखावलेले नर्तक त्यांच्याकडे येत. मात्र ही जादू नव्हे. कंबरदुखीवरच्या अभ्यासांचा २०१५चा कॉक्रेन आढावा सांगतो की काहीच न करण्यापेक्षा पिलाटीसने दुखणं कमी होतं, पण इतर व्यायामांहून ते सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही. म्हणून स्प्रिंगच्या महागड्या यंत्रांमागे धावू नका. चटई पुरते. पैसे घालायचेच, तर सुरुवातीला जाणत्या फिजिओथेरपिस्टवर घाला. व्हिडिओ तुमची कंबर हलताना पाहू शकत नाही.

वाळूजच्या कंपन्यांत दिवसभर संगणकासमोर पोक काढून बसणाऱ्यांनी तर दुखायची वाटच पाहू नये. हाडं ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून उठण्याचे प्रकार टाळावेत. आणि लघवीवरचा ताबा सुटला, मांड्यांमध्ये बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर व्यायाम तिथेच थांबवा आणि रात्र असली तरी घाटी रुग्णालय गाठा.